हात लावण्याआधी

कमरेत उसण भरली की खेड्यापाड्यांत पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाला बोलावणं जायचं. दुखणेकरी पालथा पडे, पायाळू माणूस त्याच्या कमरेला हलकेच पाय लावी आणि चार-आठ दिवसांत उसण उतरे. उसण बहुतेक वेळा आपली आपणच उतरते, पण यश त्या पायाच्या नावावर जमा होई. हाडवैद्य, तालमीतले वस्ताद, बाळ-बाळंतिणीला चोळणाऱ्या बाया, मालिशवाले अशी हातांनी आराम देणारी माणसं आपल्याकडे होती, तशी ती जगात सगळीकडेच होती. त्यांतल्या बहुतेकांचं ज्ञान घराण्यातच राहिलं. एका परंपरेने मात्र स्वतःची कॉलेजं काढली, परवान्यासाठी तुरुंगवास पत्करला, डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेला कोर्टात खेचलं आणि शेवटी सरकारमान्य पदवी मिळवली. ती परंपरा म्हणजे कायरोप्रॅक्टिक.

मुंबई-पुण्यात आता या नावाच्या पाट्या दिसतात. मोबाइलवर रोज कुणाची तरी मान कडकन वाजते आणि लाखो लोक ते पाहतात. अमेरिकेतल्या लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईची कंबर धरली, की ओळखीतलं कुणीतरी कायरोप्रॅक्टरचा पत्ता देतंच. तेव्हा हा माणूस कोण, तो काय शिकून आलेला असतो आणि त्याच्यापुढे पाठ करायची की नाही, हे आपल्यालाही माहीत असायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मणक्यातून येणारा तो आवाज या उपचारातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. कायरोप्रॅक्टरची पारख त्याने हात लावण्याआधी काय विचारलं, काय तपासलं आणि कुणाला हात लावायला नकार दिला, यावरून होते. या व्यवसायाला तिथपर्यंत पोचायला जवळजवळ शतक लागलं.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट शहरात. डॅनियल डेव्हिड पामर हा १८४५ साली कॅनडात, टोरांटोजवळ जन्मलेला माणूस. विशीत तो अमेरिकेत आला. त्याने शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा विकला आणि चाळिशी ओलांडल्यावर ‘चुंबकीय उपचार’ करू लागला. औषध द्यायचं नाही, हातांनी शरीरातली शक्ती ठिकाणावर आणायची, अशी ती पद्धत. तेव्हाचं अधिकृत वैद्यकही फार भरवशाचं नव्हतं. पाऱ्याची औषधं आणि जबर जुलाब सोसलेली पिढी अजून हयात होती. औषध न देणारा माणूस लोकांना हवासा वाटे, यात नवल नाही.

१८ सप्टेंबर १८९५ ही तारीख कायरोप्रॅक्टिकचा जन्मदिवस म्हणून सांगतात. पामरच्या दवाखान्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. त्याला १७ वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून कान गेले, असं तो सांगे. पामरने पाठ चाचपली, एक मणका जागेवर नाही असं ठरवलं आणि जोर देऊन तो ‘बसवला’. लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असं पामरचं म्हणणं. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकिकत सांगितली. तिचे वडील आवारात कुणाला तरी विनोद सांगत होते, तो ऐकून खूश झालेल्या पामरने त्यांच्या पाठीवर हातातल्या पुस्तकाने थाप मारली आणि काही दिवसांनी कानात फरक पडला.

दोन्हींतली कुठली हकिकत खरी, हे आता ठरवता येणार नाही. शरीरशास्त्राची अडचण मात्र दोन्हींपुढे उभी राहते. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूच्या बुंध्यात जाते. तिचा सगळा प्रवास कवटीच्या आत होतो, पाठीच्या मणक्यांमधून ती जातच नाही. पामर मात्र एका रुग्णावरून फार मोठ्या निष्कर्षावर गेला. मणके जागचे हलतात, नसांवर दाब येतो, शरीरातल्या उपजत शक्तीचा प्रवाह अडतो आणि त्यातून माणसाचे ९५ टक्के आजार उद्भवतात, असं त्याने लिहून ठेवलं. मणक्याच्या या बिघाडाला त्याच्या परंपरेत ‘सब्लक्सेशन’ म्हणतात. जंतुशास्त्र बाळसं धरत होतं त्याच काळात हा माणूस सगळ्या रोगांची किल्ली पाठीच्या कण्यात शोधत होता. तो लबाड होता असं मला वाटत नाही. एका अनुभवाने माणूस किती भारावून जाऊ शकतो, याचं ते उदाहरण आहे. त्याची किंमत पुढे त्याच्या व्यवसायाने शंभर वर्षं मोजली.

१८९७ साली त्याने डॅव्हनपोर्टला शाळा काढली. शिक्षण काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं, आणि प्रवेशाला ना पदवीची अट ना परीक्षेची. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली आणि दंड भरायला नकार देऊन तो तुरुंगात गेला. शाळा मुलाच्या ताब्यात गेली. मुलगा बार्टलेट जोशुआ, सगळे त्याला बी. जे. म्हणत, बापापेक्षा कितीतरी पटींनी व्यवहारी निघाला. त्याने छापखाना चालवला, १९१० च्या सुमारास शाळेत क्ष-किरण यंत्र आणलं आणि पुढे डब्ल्यूओसी हे रेडिओ केंद्र विकत घेतलं. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांना निवेदकाची पहिली नोकरी याच केंद्राने दिली. १९२४ साली बी. जे.ने पाठीवरच्या उष्णतेतला फरक दाखवणारं एक यंत्र काढलं आणि ते जबर भाड्याने घ्यायची सक्ती अनुयायांवर केली. तेव्हा त्याचे बरेच जुने साथीदार दुरावले.

त्याआधीच एक महत्त्वाची फूट पडली होती. जॉन हॉवर्ड या पामरच्याच विद्यार्थ्याने १९०६ मध्ये वेगळी शाळा काढली आणि दोन वर्षांत ती शिकागोला नेली. तिथे शवविच्छेदन होतं, शरीरक्रियाशास्त्र होतं, रोगनिदान होतं. तेव्हापासून या व्यवसायात दोन प्रवाह आहेत. एक मणक्याच्या जुन्या तत्त्वज्ञानाला चिकटून राहणारा, दुसरा वैद्यकशास्त्राकडून शिकत व्यायाम आणि इतर उपचारांची जोड घेणारा. आपण एखाद्या कायरोप्रॅक्टरकडे जातो तेव्हा तो या दोहोंपैकी कुठल्या घराण्यातला आहे, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर मात्र ते लिहिलेलं नसतं.

जुनं तत्त्वज्ञान इतकं का टिकलं, याचं एक कारण कोर्टात सापडतं. १९०७ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस शहरात शेगातारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला भरला. ऑस्टिओपॅथी ही त्याच काळातली, सांध्यांवर हाताने उपचार करणारी दुसरी परंपरा. मोरिकुबोच्या वकिलाने मांडलं, की कायरोप्रॅक्टिकचं तत्त्वज्ञानच वेगळं आहे, तेव्हा हा ऑस्टिओपॅथीचा गुन्हा होऊच शकत नाही. मोरिकुबो सुटला. ‘आमचं शास्त्र मुळातच निराळं आहे’ हा दावा तिथून पुढे कायद्यातली ढाल झाला, आणि ढाल कुणी सहजी खाली ठेवत नाही. नसांवरच्या दाबाची ती भाषा शास्त्राने साथ सोडल्यावरही टिकली, ती बऱ्याच अंशी यामुळे.

कॅन्ससने १९१३ साली परवान्याचा कायदा केला. कॅलिफोर्नियात शेकडो कायरोप्रॅक्टर दंड भरण्याऐवजी तुरुंगात गेले आणि १९२२ साली मतदारांनी थेट मतदानाने त्यांचा कायदा मंजूर केला. अमेरिकेतलं शेवटचं राज्य, लुईझियाना, असा परवाना द्यायला १९७४ साली तयार झालं. दरम्यान अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली होती. कायरोप्रॅक्टिक संपवणं हे या समितीचं उद्दिष्ट होतं. कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठवणं, त्याच्याबरोबर काम करणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नव्हतं. चेस्टर विल्क आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९७६ साली या बहिष्काराविरुद्ध दावा लावला. पहिला निकाल विरुद्ध गेला, अपिलात खटला नव्याने चालवायचं ठरलं, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी संघटनेने स्पर्धाविरोधी कायदा मोडल्याचा निर्णय दिला. १९९० साली वरच्या न्यायालयातही तो टिकला.

हा निकाल बहिष्काराविरुद्ध होता. कायरोप्रॅक्टिकने आजार बरे होतात असा शिक्का त्याने मारलेला नाही, आणि हा फरक दोन्ही बाजूंचे भाट विसरतात. पण दार उघडलं हे खरं. डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर एकाच संशोधनात, एकाच इस्पितळात काम करू लागले आणि ‘९५ टक्के आजार’ मागे पडून ‘कंबरदुखी’ हा नेमका प्रश्न पुढे आला. दावा आटला तसा व्यवसाय उपयोगी होत गेला, असं मला या इतिहासात दिसतं.

आज अमेरिकेत कायरोप्रॅक्टर व्हायचं तर आधी कॉलेजात विज्ञान विषय धरून साधारण तीन वर्षांचं शिक्षण लागतं. त्यानंतर चार वर्षांचा पदवीक्रम. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शिक्षणाची जी किमान चौकट सांगितली तीत एकूण ४२०० तास आहेत आणि त्यांतले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे. शरीररचना, मज्जासंस्था, क्ष-किरण वाचन, रोगनिदान हे सगळं त्यात येतं. मग राष्ट्रीय मंडळाची चार भागांची परीक्षा, आणि शेवटी राज्याचा परवाना. या वाटेला लागलेले बरेच जण आधी स्वतः रुग्ण होते असं आढळतं. शाळेत फुटबॉल किंवा कुस्ती खेळताना पाठ धरली, कुणीतरी हाताने मोकळी केली आणि मुलाने तिथेच ठरवलं. अशा मुलाकडे तळमळ असते, पण एका अनुभवाने भारावण्याचा पामरचाच धोकाही असतो. चांगलं कॉलेज हा धोका ओळखतं.

हाताचं शिक्षण फार बारकाईचं आहे. कागदाखाली केस ठेवायचा, बोटाच्या टोकाने तो कुठे आहे ते शोधायचं, मग वर कागद वाढवत जायचं, असा एक जुना सराव आहे. विद्यार्थी एकमेकांच्या पाठी चाचपतात. दाब मोजणाऱ्या टेबलावर आपला धक्का किती जोराचा, किती वेळाचा, हे आलेखात पाहून सुधारतात. मात्र ‘हा मणका अडकलाय’ असं बोटांनी ठरवण्यात दोन अनुभवी तज्ज्ञांचंही पुष्कळदा जुळत नाही, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. नेमकं दुखतं कुठे, यावर त्यांचं जास्त जुळतं. म्हणून हुशार शिक्षक विद्यार्थ्याला बजावतो, की बोटांना जे कळतं ते रुग्णाच्या सांगण्याशी आणि इतर तपासणीशी ताडून बघ.

युरोपातल्या दोन देशांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेच्या विद्यापीठात १९९४ पासून हे विद्यार्थी पहिली काही वर्षं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात शिकतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक विद्यापीठात २००८ पासून तशीच सोय आहे, आणि तिथल्या कायद्यात डॉक्टर, दंतवैद्य, औषधतज्ज्ञ, पशुवैद्य यांच्या जोडीने कायरोप्रॅक्टरचं नाव आहे. डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर एकाच बाकावर शिकले की नंतर एकमेकांकडे रुग्ण पाठवायला संकोच उरत नाही. मला हा सगळ्यांत शहाणा मार्ग वाटतो.

आता प्रत्यक्ष दवाखान्यात जाऊ. समजा, आयोवातला पंचेचाळिशीचा एक ट्रकचालक कमरेला हात लावून आत आला. चांगला कायरोप्रॅक्टर त्याला लगेच टेबलावर झोपवत नाही. समोर बसवून विचारतो. कधीपासून दुखतंय? काही उचलताना चमक भरली की हळूहळू सुरू झालं? बसून वाढतं की चालून? पायात उतरतं का, उतरत असेल तर गुडघ्याच्या खाली जातं का? रात्री दुखण्याने जाग येते का? ताप, घटलेलं वजन, पूर्वी कधी कर्करोग? स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं? लघवीला त्रास होतो का, बसण्याच्या जागी बधिर वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारताना अनेकांना अवघडल्यासारखं होतं, पण सगळ्यात मोलाचा तोच आहे. कमरेच्या खालच्या भागातला नसांचा झुबका दाबला गेला तर लघवी अडते किंवा कळेनाशी होते, मांड्यांच्या आतली बाजू बधिर होते. शस्त्रक्रिया लवकर झाली नाही तर हे नुकसान कायमचं राहू शकतं. तिथे हाताच्या उपचाराचा प्रश्नच नाही. रुग्णाला ताबडतोब इस्पितळात पाठवायचं.

रात्रीचं, विश्रांतीनेही न थांबणारं दुखणं गाठीचं किंवा जंतुसंसर्गाचं असू शकतं. आपल्या देशात त्यात मणक्याच्या क्षयाचा विचार आलाच पाहिजे. पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, रोडावणं ही लक्षणं असलेल्या माणसाचा मणका आतून पोखरलेला असताना त्यावर धक्का दिला तर तो ढासळू शकतो. साठीपुढच्या बाईंची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. पंचविशीतल्या मुलाची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहते आणि हालचालीने सुटते असं असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरकडे पाठवायचं. असं दुखणं मणक्यांच्या संधिवाताचं असू शकतं आणि त्यात मणके पुढे एकमेकांना जुळू शकतात.

मग तपासणी. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चाला. पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर ओढा. गुडघ्यावर, टाचेवर हातोडी. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला आणि कळ गुडघ्याच्या खाली सणकली, तर नसेच्या मुळाशी दाब असण्याची शक्यता वाढते. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि यात यंत्र एकही नाही. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला क्ष-किरणाची किंवा एमआरआयची गरजही नसते. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ हे शब्द माणसाला जन्मभर वाकू देत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली. केस पांढरे होतात तशीच ही झीज बहुतेकांना होते. रुग्णाला हे समजावून सांगणं हाही उपचारच आहे, आणि घाबरवणारा शब्द न उच्चारणं हेही.

हे सगळं झाल्यावर कायरोप्रॅक्टर सांगतो, काय करणार आणि त्यात काय होऊ शकतं. सुमारे निम्म्या लोकांना एक-दोन दिवस अंग दुखतं, ठणकतं. गंभीर इजा क्वचित होते, पण होऊ शकते. रुग्णाने हो म्हटल्यावरच पुढे. ट्रकचालकाला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा वाकवायचा, सांधा त्याच्या सहज हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून एक छोटा, झटक्याचा दाब द्यायचा. सेकंदाच्या एक-दोन दशांशांत तो संपतो. ज्याला धक्का नको असेल त्याच्यासाठी खाली सरकणारं टेबल आहे, हातातलं ठोका देणारं उपकरण आहे, कंबर सावकाश ताणण्याची पद्धत आहे. आवाज आलाच पाहिजे असं नाही.

तो आवाज हाडावर हाड आपटल्याचा नसतो. सांध्यात एक चिकट द्रव असतो. दोन पृष्ठभाग एकदम दूर गेले की दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, सोड्याची बाटली उघडताना बुडबुडे धरतात तशी. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडताना एमआरआयच्या चित्रफितीत ही पोकळी धरतानाच टिपली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जावी लागतात. मणका ‘जागेवर बसला’ हीसुद्धा समजूतच. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कमरेखालच्या सांध्यावर उपचाराच्या आधी आणि नंतर अतिशय बारीक मोजमाप केलं. हातांनी केलेल्या तपासण्यांचे निकाल सुधारले, पण हाडांची जागा बदललेली नव्हती. आराम येतो तो सांध्याभोवतीच्या चेतातंतूंना मिळालेल्या झटक्याने, स्नायू थोडा वेळ सैलावल्याने, आणि दुखण्याचा मेंदू जो अर्थ लावतो त्यात फरक पडल्याने. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक मंडळाने तर २०१० मध्येच जाहीर केलं, की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती आजारांचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही.

मग उपयोग किती? मध्यम आहे, आणि मध्यम म्हणणं हा अपमान नव्हे. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी १९९४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी हा उपचार मान्य केला. २०१८ साली अमेरिकी सैन्यातल्या ७५० जवानांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना जास्त आराम पडला. जुनाट कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा २०१९ मधला आढावा सांगतो, की या उपचाराने व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच गुण येतो. जगभरात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि कुठलाच एक उपचार सगळ्यांना पुरत नाही, हे लक्षात घेतलं तर एक बरा पर्याय वाढणंही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत माहिती देणं, व्यायाम, मालिश यांच्याबरोबर मणक्यांवरचा हस्तोपचारही आहे. त्याच यादीत कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांची शिफारस करू नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे घरोघरी खुंटीवर पट्टा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दमा, उच्च रक्तदाब, बाळाची पोटदुखी, कानाचे विकार यांवर हा उपचार चालतो असं सांगणाऱ्याकडे असा पुरावा नाही. तान्ह्या बाळाच्या मणक्यावर धक्का देण्याचं तर समर्थनच होऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात दोन आठवड्यांच्या बाळावर केलेल्या उपचाराची चित्रफीत पसरली, लोक हादरले आणि २०१९ मध्ये तिथल्या नियामक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांवर असा उपचार करायला तात्पुरती मनाई केली.

मानेबद्दल वेगळं सांगायला हवं. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांपैकी दोन मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतूनच वर जातात. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण होतं ते तरुण, धडधाकट माणसांनाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या नोंदींवर २००८ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की हा पक्षाघात होण्याआधी लोक जसे कायरोप्रॅक्टरकडे गेलेले असतात तसेच साध्या डॉक्टरकडेही गेलेले असतात. याचा एक अर्थ असा, की चीर आधीच गेलेली असते आणि तिच्यामुळे मान दुखते म्हणून माणूस दवाखान्यात येतो. काही कायरोप्रॅक्टर हा अभ्यास निर्दोषत्वाचा दाखला म्हणून दाखवतात. मला तो उलट जबाबदारी वाढवणारा वाटतो. चिरलेली धमनी घेऊन माणूस तुमच्या दारात येणार असेल, तर ती ओळखता आली पाहिजे. पूर्वी कधीच न झालेलं मानेचं आणि डोक्याचं दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, गिळायला त्रास, झोक जाणं, यांतलं काही असेल तर मानेला हात लावणं गुन्हा आहे. केशकर्तनालयात दाढीनंतर चंपी करून झटक्यात मान मोडून देण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती याच कारणाने आजच थांबायला हवी. तिथे प्रश्न विचारणारं कुणीच नसतं.

आणखी एक गोष्ट पैशाची. अमेरिकेतला कायरोप्रॅक्टर बहुधा शिक्षणाच्या कर्जाखाली असतो आणि स्वतःचा दवाखाना काढतो. त्यातूनच ‘चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ घ्या’, ‘दुखत नसलं तरी दर महिन्याला या’ ही विक्री येते. प्रामाणिक कायरोप्रॅक्टर थोड्या भेटी ठरवतो, दरम्यान चालायला, कामावर जायला, रोजचा व्यायाम करायला लावतो, पुन्हा तपासतो आणि तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर दुसरीकडे पाठवतो. रुग्ण आपल्यावाचून अडू नये, याची तो काळजी घेतो.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वेगळी वैधानिक परिषद नाही. म्हणजे पाटी कुणी लावावी यावर अंकुश नाही आणि तक्रार कुठे करायची हेही ठरलेलं नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्य परिषद मात्र आहे, आणि सांध्यांवर हाताने उपचार करणं त्यांच्याही शिक्षणात येतं. तेव्हा पाठ धरली तर आधी डॉक्टरला दाखवा आणि नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. कायरोप्रॅक्टरकडेच जायचं असेल तर पदवी कुठल्या कॉलेजची, परवाना कुठल्या देशाचा, हे स्पष्ट विचारा. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला टेबलावर झोपवलं, काही न तपासता मान धरली किंवा आगाऊ पॅकेज पुढे केलं, तर चपला घाला आणि बाहेर या. मानेला झटका नको असेल तर तसं ठणकावून सांगा. तो तुमचा हक्क आहे. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठं इस्पितळ गाठा.